पोपटने लावलेली काच

मास्तरीण प्रश्न विचारायला बसली की काकू आधी घटाघटा पाणी पिऊन घ्यायची. "नंतर घशाखाली काही उतरत नाही बाई," असं ती हसत म्हणायची, पण ते खरंच होतं.

तिघी एका वर्गातल्या. हॉस्पिटलच्या तळघरात रक्त-लघवी तपासणाऱ्या तंत्रज्ञांचा कोर्स चालायचा. तिघींचं हे शेवटचं वर्ष होतं आणि जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी सर वर वॉर्डांत फेरी मारायला गेले की लॅब रिकामी व्हायची. मग एकीने तीन मायक्रोस्कोपखाली तीन काचा लावून ठेवायच्या आणि उरलेल्या दोघींनी बघून सांगायचं, काच कशाची आहे, काय बिघडलंय, पुढे काय करायचं. विचारायची पाळी तिघींची आलटून पालटून असे. पण पाळी कुणाचीही असो, शेवटी विचारायची मास्तरीणच.

हे नाव तिला काकूने दिलं होतं. काकू स्वतः पस्तिशीची, शाळेत जाणाऱ्या मुलाची आई, वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून ती सगळ्यांचीच काकू. मास्तरीण मात्र जेमतेम विशीतली. तिची नजर अशी की सर एखाद्या काचेवर अडले तर "जरा बघ गं" म्हणून तिलाच हाक मारायचे.

तिसरी पोपट. ती मास्तरणीची मावसबहीण. वडील गेल्यावर आईने तिला शिकायला म्हणून मावशीकडे पाठवली होती. मावशीच्या दोन खोल्यांच्या घरात आतली खोली दोघी बहिणींची. पोपट खिडकीत बसून मोठमोठ्याने पाठ करायची. पानंच्या पानं तोंडपाठ, पण काच समोर आली की तिची बोबडी वळायची. "पिंजऱ्यात ठेव हिला," असं मास्तरीण पहिल्याच आठवड्यात म्हणाली आणि तेव्हापासून पोपट हेच नाव पडलं. पुढे पुढे मावशीसुद्धा तिला तशीच हाक मारू लागली.

त्या बुधवारी विषय यकृताचा होता.

"दारूने यकृताचं काय होतं, क्रमाने सांग," मास्तरीण म्हणाली.

पोपटने डोळे मिटले. "प्रथम पेशींमध्ये चरबी साठते. त्यानंतर दाह निर्माण होतो. त्यानंतर मृत पेशींच्या जागी तंतुमय..."

"थांब. पुस्तक परीक्षकानेही वाचलंय. तुझ्या घरात पेशंट होता. डोळे आधी पिवळे झाले का पोट आधी फुगलं?"

पोपटने डोळे उघडले.

"काकांचं, तुझ्या बाबांचं विचारतेय मी. सांग ना."

"डोळे," पोपट म्हणाली.

"मग?"

"मग पोट. मग पाय सुजले."

"आणि शेवटी?"

"उलटी झाली. रक्ताची."

"रंग?"

"अगं, पुरे कर," काकू म्हणाली.

"परीक्षक पुरे म्हणणार आहे का, काकू? रंग कसला होता?"

"काळपट."

"का काळपट? रक्त तर लाल असतं."

पोपट ओठ हलवत राहिली. पाठ केलेल्या पानांत ते कुठे असेल ते शोधत असावी.

"पोटातल्या आम्लात रक्त पडून राहिलं की काळं होतं. तू स्वतः पुसलंस ना ते? फडकं घेऊन?" मास्तरणीने मायक्रोस्कोपवर आच्छादन घातलं. "इतकं डोळ्यांसमोर होतं आणि एवढंही सुचलं नाही. त्याच दिवशी कुणाच्या लक्षात आलं असतं तर माणूस वाचला असता. उद्या पुन्हा विचारीन."

पोपट बेसिनपाशी गेली आणि काचा धूत उभी राहिली. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या, तरी नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सरांनी सगळ्यांना एकमेकांच्या बोटातून रक्त घेऊन काचेवर पातळ थर पसरायचा सराव करायला सांगितला. परीक्षेत तो असतोच. पोपटने मास्तरणीचं बोट टोचलं. थेंब आला, काचेवर घेतला, पसरला, पण बोटाचं रक्त काही थांबेना. कापसाचा बोळा भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला.

"किती खोल खुपसलीस! कसाई आहेस का?" मास्तरीण ओरडली. तिने बाही वर सरकवली तेव्हा दंडावर दोन निळे-जांभळे डाग दिसले. काकूने विचारलं तर म्हणाली, "बाकाला आपटलं असेल. लक्ष असतं कुठे माझं." हिरड्यांतून रक्त येत होतं, तो दोष ती नव्या ब्रशला देत होती. जिना चढताना दम लागत होता, तो जागरणाला. दुसऱ्यांच्या रक्तात ती जे चुटकीसरशी ओळखायची, ते स्वतःत शोधायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर घरी गेली. जाताना म्हणाली, "माझी काच तू रंगवून ठेव. निदान तेवढं तरी जमेल ना?"

पोपटने ती रंगवली. काच जांभळ्या रंगाखाली ठेवली, धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरली आणि बघतच राहिली. तिने डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला. पांढऱ्या पेशी रक्तात विरळ असतात, शोधाव्या लागतात. इथे त्यांची दाटी होती. एकही पिकलेली नव्हती, सगळ्या मोठाल्या, कच्च्या. काहींच्या पोटात लालसर काड्या होत्या, जुडीच बांधल्यासारख्या. रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका मात्र जवळजवळ नव्हत्याच.

"काकू," ती म्हणाली, "हे बघता का जरा? माझं काहीतरी चुकलंय."

काकूने बघितलं. मग पुस्तक काढून चित्राशी ताडून बघितलं. मग ती स्टुलावर बसली.

"तुझं काही चुकलेलं नाही. कॅन्सर आहे हा. रक्ताचा."

बाहेर कुणीतरी बादली सरकवत नेत होतं.

"सरांना फोन करू या," काकू म्हणाली.

पोपटने काच उचलली, तेल पुसलं आणि कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण केली. ती खूण किती नीटस होती, हे काकूला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"शनिवारी विचारायची पाळी माझी आहे," पोपट म्हणाली.

"मग?"

"तिलाच ओळखू दे. तिच्याइतकं कुणाला कळतं?"

"वेड लागलंय का तुला? हे खेळायचं आहे का?"

"दोनच दिवस. आपण काही डॉक्टर नाही. आपली चूक असली तर तीच आपल्याला हसेल."

काकूने घड्याळ बघितलं. मुलाला शाळेतून आणायचं होतं. शिवाय मागच्याच आठवड्यात मास्तरीण तिला चारचौघांत म्हणाली होती, की तुमच्या वयाला हे झेपायचं नाही काकू, घरी बसून वाटाणे सोला. ते काकूच्या मनात अजून ठुसठुसत होतं. ती उठली, पर्स खांद्याला लावली. "तुझं तू बघ बाई," म्हणाली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी पोपट घरी गेली ती सांगायचं ठरवूनच. वाटेत तिने वाक्यही जुळवलं होतं. मावशीने ताटं घेतली, तिघी जेवायला बसल्या. पहिला घास घ्यायच्या आत मास्तरीण म्हणाली, "हं, पोपट. काळपट का?"

"काय काळपट?" मावशीने विचारलं.

"काकांची उलटी. हिला कारण सांगता येत नव्हतं काल."

"जेवताना कसलं बोलता गं," मावशी म्हणाली, पण हसली. लेकीच्या हुशारीचं तिला भारी कौतुक होतं.

"आम्लामुळे," पोपट म्हणाली. जुळवलेलं वाक्य तिने घासाबरोबर गिळून टाकलं.

शुक्रवारी मास्तरणीला ताप भरला. मावशी कामावर गेली होती. पोपट दिवसभर तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. पट्टी बदलताना दरवेळी तिला वाटायचं की आता सांगावं. मग मास्तरीण डोळे न उघडताच म्हणायची, "पिळून ठेव ना नीट, कानात पाणी जातंय. तुला साधी पट्टीसुद्धा ठेवता येत नाही." आणि पोपट पट्टी नीट पिळून ठेवायची. रात्री मास्तरीण उजवा डोळा चोळत होती. काहीतरी गेलंय म्हणाली.

शनिवारी ताप उतरला तशी ती हट्टाने लॅबमध्ये आली. परीक्षा आठवड्यावर होती आणि घरी पडून राहणाऱ्यांतली ती नव्हती. पोपटने तीन काचा लावून ठेवल्या होत्या. काकू आली, दाराजवळच्या बाकावर बसली. आज ती पाणी प्यायली नाही.

पहिली काच. "मलेरिया," मास्तरीण बसता बसताच म्हणाली. "काहीतरी अवघड लाव गं."

दुसरी काच. "जंत असतील पोटात पेशंटच्या. तुझ्यापेक्षा शाळेतली मुलं बरी काच निवडतील."

तिसऱ्या मायक्रोस्कोपशी ती वाकली आणि कपाळाला आठ्या घालून मागे सरली. "भिंगावर डाग आहे. पुसायला काय होतं?"

पोपटने भिंग पुसून दिलं.

"अजून आहे. ऐन मधोमध. काय पुसलंस?"

पोपटने पुन्हा पुसलं. मास्तरणीने चिडून मान कलती केली आणि डावा डोळा लावला. मग तिची बोटं सावकाश चाक फिरवू लागली. काच इकडे सरकली, तिकडे सरकली. तिने वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"कुठून आणलीस ही? काकू, या, या इकडे! पुन्हा बघायला मिळणार नाही. सगळ्या कच्च्या पेशी! आणि या काड्या बघा, जुड्याच्या जुड्या. पुस्तकातसुद्धा इतक्या सुंदर नाहीत." ती पुन्हा वाकली. "प्लेटलेट औषधालाही नाही. हा पेशंट केव्हाही, कुठेही फुटेल. मेंदूत, डोळ्यांत, पोटात, कुठेही. कुठल्या वॉर्डातला आहे? आहे का अजून?"

"आहे," पोपट म्हणाली.

"उपचार सुरू झालेत?"

"नाही."

"नाही? मग हे बघणारा टेक्निशियन काय करतोय?" मास्तरीण ताठ बसली. परीक्षकाचा सूर तिच्या आवाजात आपोआप आला. "थांब, हाच प्रश्न तुला. अशी काच दिसल्यावर टेक्निशियनने काय करायचं? सांग."

पोपटने डोळे मिटले नाहीत. "क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना कळवायचं."

"बरोबर. पाठ तरी आहे. नाव काय पेशंटचं?"

"तुझी काच आहे ती," पोपट म्हणाली. "गुरुवारची."

मास्तरीण खळखळून हसली. "माझाच पोपट करायला निघालीस होय? बरं जमलं की." हसत हसतच तिने काकूकडे बघितलं. काकू जमिनीकडे बघत होती.

हसू तिच्या चेहऱ्यावर जरा वेळ तसंच राहून गेलं. मग तिने कोपऱ्यावरची पेन्सिलीची खूण बघितली. टेबलावरची सुई उचलली, स्वतःचं बोट स्वतःच टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि एका फटक्यात पसरला. थर इतका सुरेख आला की परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले असते. तिने काच रंगाखाली ठेवली आणि बेसिनला टेकून वाट बघत उभी राहिली. रंग मुरायला वेळ लागतो, त्याला कुणाचा इलाज नाही. बोटातून रक्त टपटप बेसिनमध्ये पडत होतं. काकू कापूस घेऊन पुढे झाली, तिला तिने हातानेच थांबवलं.

"गुरुवारची?" तिने विचारलं.

"हो."

"त्याच दुपारी बघितलीस?"

"हो."

तिने काच धुतली, वाळवली, तेल टाकलं. डावा डोळा लावून बराच वेळ बघितलं. मग दिवा बंद केला आणि मायक्रोस्कोपवर आच्छादन नीट ओढून घेतलं.

"काकू," ती म्हणाली, "सरांना बोलवता का?"

तिला तिथल्याच वरच्या मजल्यावर दाखल केलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मावशीला समोर बसवून समजावलं. आजार वाईट आहे, पण या जातीवर औषध चांगलं आहे. पहिले काही दिवस रक्तस्रावाचे, जीव त्यातच जातो. ते निभावले तर मुलगी हाती लागेल. मावशीने डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन का कोण जाणे काढून घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

ते दिवस निभावले. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त गेलं, बाहेरून पिशव्यांमागून पिशव्या चढवल्या. एकदा अर्धा दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. त्याच आठवड्यात परीक्षा झाली. पोपट जेमतेम पास झाली, काकूही झाली. मास्तरणीच्या नावापुढे गैरहजर लागलं.

डोळ्यांचे डॉक्टर आले तेव्हा पोपट खाटेच्या पायथ्याशी उभी होती. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर ऐन मध्यावर रक्त साकळलं आहे, ते म्हणाले. थोडं निवळेल, पण तिथली नजर पूर्ण परत येणार नाही. सरळ समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसेल.

"डाग कधीपासून दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवार रात्रीपासून," मास्तरीण म्हणाली. ती डॉक्टरांकडेच बघत होती. "गुरुवारी नव्हता."

डॉक्टर गेले. पोपट तिथेच उभी राहिली.

"मी पट्ट्या ठेवत होते तेव्हा..." ती म्हणाली.

"हो. ठेवत होतीस." मास्तरणीने भिंतीकडे तोंड केलं.

त्यावर ती पुढे कितीतरी महिने बोलली नाही. हॉस्पिटलमध्येही नाही आणि घरी आल्यावरही नाही.

मावशी मात्र बोलायची. आजार पहिल्यांदा पोपटने पकडला, हे सरांनी तिला सांगितलं होतं. आयसीयूच्या बाहेर मावशीने पोपटला उराशी धरलं होतं आणि ती ओक्साबोक्शी रडली होती. घरी आल्यावर ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. नातेवाइकांना फोनवर, शेजारणींना जिन्यात, इस्त्रीचे कपडे घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा. पोपट आत असली तर तिला मुद्दाम बाहेर बोलवायची, खांद्याला धरून पुढे उभी करायची.

"हीच ती. हिने बघितलं आणि तश्शी धावत सुटली. एक क्षण दवडला नाही पोरीने! हिच्या जागी दुसरी कुणी असती तर माझी लेक आज नसती."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोपटला वाटलं, मावशीला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिने आतल्या दाराकडे बघितलं. मास्तरीण पलंगावर पुस्तक डाव्या डोळ्याशी धरून बसलेली होती. तिने पान उलटलं. आता सांगेल, पोपटला वाटलं. आता नाही तर जेवताना सांगेल. जेवताना नाही तर झोपताना. असा दिवसामागून दिवस जाऊ लागला. एक क्षण दवडला नाही. चहा देताना, भाजी निवडताना, पाहुण्यांसमोर, आणि पाहुणे नसले तरी तिचा गाल कुरवाळत, "एक क्षण दवडला नाहीस गं." पोपटला जेवण जाईना. कुणी दार वाजवलं की ती उठून आतल्या खोलीत जायची. तिला त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. संध्याकाळी सुटल्यावर ती उगाच रस्त्याने फिरत राहायची, दुकानांच्या पाट्या वाचत. पण घरी उशिरा गेलं तरी मावशी तिच्यासाठी जेवायची थांबलेली असायची. पोपट पानावर बसेपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही.

शेवटी तिने ठरवलं, आपणच सांगून टाकायचं. मास्तरीण केव्हा तोंड उघडते याची वाट बघण्यापेक्षा ते बरं. आधी ती काकूकडे गेली. काकू आता रस्त्यापलीकडच्या एका केंद्रात रक्ताचे नमुने घ्यायची. पेशंट नव्हते. पोपटने सगळं सांगितलं.

काकूने हातमोजे काढले. "अगं, त्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या मावशीला. मी सांगितलं. ती आयसीयूत होती तेव्हाच. मला झोप येईना गं. मीसुद्धा गप्प बसले होते ना."

पोपटने खुर्चीची पाठ धरली. "काय म्हणाली मावशी?"

"काहीच नाही. एवढंच विचारलं, 'ते दोन दिवस पोपट माझ्याच घरी जेवत होती ना?' मी म्हटलं, असेल. मग म्हणाल्या, 'कुणाला बोलू नका. मी बघते.'"

"आणि मला नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, त्यांनी माफ केलं तुला. सगळ्यांजवळ कौतुक करतात तुझं. मी पण ऐकलंय."

पोपट घरी आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई आल्या होत्या. मास्तरीण वाळली होती, तिचे कपडे लहान करून आणले होते. "आली बघा," मावशी म्हणाली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पोपट पायांतली चप्पलही न काढता ऐकत उभी राहिली. ऐकताना पहिल्यांदाच ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती. मावशी बाईंशी बोलत होती, पण डोळे सारा वेळ पोपटच्या चेहऱ्यावर होते.

बाई गेल्या. मावशीने दार लावलं.

"तुला सगळं माहीत आहे," पोपट म्हणाली.

"हो." मावशी कपड्यांच्या घड्या घालू लागली.

"मग असं का बोलतेस?"

"कसं? वाईट बोलले का कधी तुला? हात उगारला? ताटात कमी वाढलं?"

"मावशी, मला घालवून दे. शिव्या दे. पण हे नको."

"शिव्या दिल्या की संपलं." मावशीने एक बाही सरळ केली, हाताने दाबली. "ती तुला घालूनपाडून बोलायची, माहीत आहे मला. माझी लेक आहे, जीभ तिखटच आहे तिची. ते मला सांगायचं होतंस. मी तिच्या थोबाडीत दिली असती. पण तू माझ्या पानावर बसून जेवलीस. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यास. दोन्ही दिवस मी विचारत होते, बरी आहे ना गं ती? आणि तू मान डोलावत होतीस." तिने घडी बाजूला ठेवली. "आईला तुझ्या मी काही कळवणार नाही. तुला राहायचं तितके दिवस राहा. मी सगळ्यांना असंच सांगत राहीन."

पोपटने त्याच आठवड्यात हॉस्पिटलजवळ एका खोलीत खाट भाड्याने घेतली. बॅग भरायला आतल्या खोलीत गेली तेव्हा मास्तरीण उशीला टेकून बसली होती. ती पुढच्या परीक्षेला बसणार होती. डाव्या डोळ्याने मायक्रोस्कोप बघायची सवय करत होती.

"का चाललीस?"

"मावशीला माहीत आहे. गुरुवारचं. पहिल्यापासून."

मास्तरणीने पुस्तक खाली ठेवलं. बराच वेळ ती मान कलती करून पोपटकडे बघत राहिली. सरळ बघितलं की आता उजव्या डोळ्याला समोरच्याचा चेहराच दिसत नसे.

"आईला माहीत होतं? मग मी इतके महिने तोंड शिवून बसले ते कशासाठी?"

"म्हणजे?"

"आईला कळलं तर ती तुला घराबाहेर काढेल, आणि तुला जायला जागा नाही, म्हणून. मला काय हौस होती गप्प बसायची?" तिचा आवाज चढला. "तुला काय वाटलं?"

पोपटने हातातला कपडा बॅगेत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"काय वाटलं ते सांग ना!"

"वाटलं, केव्हातरी सांगशील. म्हणून मला टांगतं ठेवलं आहेस."

"तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं," मास्तरीण म्हणाली. मग तिने पुस्तक उचललं. "जा आता. आणि मला भेटायला येऊ नकोस. हे मी माफ केलेलं नाही. गप्प बसले होते फक्त."

जिन्यात शिवणवाल्या बाई भेटल्या. पोपटच्या हातातली बॅग बघून त्या थांबल्या. वर दारात मावशी उभी होती.

"निघालीस होय गं?" बाई म्हणाल्या.

"नोकरीच्या जवळ जागा मिळाली तिला," मावशी वरून म्हणाली. "घर सुनं होईल हो. एक क्षण दवडला नव्हता हिने."

पोपटने बॅग पायरीवर ठेवली. "खोटं आहे ते," ती बाईंना म्हणाली. "मी दवडले. पूर्ण दोन दिवस दवडले. मुद्दाम. तिचा डोळा माझ्यामुळे गेला."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पोपटच्या पाठीवरून हात फिरवला आणि वर बघून म्हणाल्या, "बघा हो, किती मनाला लावून घेतलंय पोरीने. जराही मोठेपणा घेत नाही."

"तशीच आहे ती," मावशी म्हणाली.